उकरलेली माती

गेल्या वर्षीच्या गटारीच्या सकाळची गोष्ट. साडेसात वाजले असतील. रात्रभर पाऊस कोसळून नुकता कुठे थांबला होता, माडाच्या झापांवरून अजून टपटप चालू होती. गावोगाव कोंबड्या गोळा करत फिरणारा माणूस मोटारसायकल घेऊन आमच्या खळ्यात आला. गाडीच्या मागे दोन्ही बाजूंना जाळीचे पिंजरे, त्यात दाटीवाटीने कोंबलेले आवाज. सासूबाईंनी त्याला दोन कोंबे, म्हणजे कोंबडे, विकायचे सांगून ठेवले होते. कोंब्यांचे पाय सुंभाने बांधून झाले, पैसे मोजून झाले आणि जाता जाता त्याची नजर पडवीतल्या आंब्याच्या पेटीकडे गेली. पेटीत आमची लंगडी कोंबडी बसली होती, मान उंच करून, एका डोळ्याने त्याच्याकडे बघत. "बाई, ती लंगडी विकतलात काय?" त्याने विचारलं. मी काहीच बोलले नाही. "अशीच दितलात तर तीनशे देतंय." तरीही मी काही बोलले नाही. माझं गप्प बसणं त्याला घासाघीस वाटली असावी. तो म्हणाला, "बरा, साडेतीनशे." तेव्हा कुठे माझ्या तोंडून शब्द फुटला, "नाही हो, ती विकायची नाही." तो निघून गेला. मी शाळेत गेले, हजेरी घेतली, फळ्यावर तारीख लिहिली. पण खडू हातात असताना एक गोष्ट लख्ख कळली होती, आणि ती आजतागायत माझा पिच्छा सोडत नाही.

मी भाव ऐकायला थांबले होते.

तसं बघायला गेलं तर त्या आषाढात मी पार दमले होते. लंगड्या कोंबडीचं करायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे लंगडी येण्याच्या आधी मला विचारलं असतंत तर मी 'दाणापाणी जवळ ठेवायचं' एवढंच सांगितलं असतं. खरं काम दाणापाण्याचं नव्हेच. धड कोंबडी उठते, चार पावलं पुढे जाते आणि शिटते. हिला ते जमत नाही. ती बसल्या जागी शिटते आणि त्यातच बसून राहते. शेपटीखालची पिसं चिकटून त्यांचा दगड होतो. मग कोमट पाणी, जुना पंचा, बोटांनी एकेक पीस मोकळं करणं. कोंबडीच्या अंगाला भिजल्यावर एक वास येतो, ओल्या गोणपाटाचा आणि शिळ्या ताकाचा मिळून असावा तसा, आणि तो हाताला दुपारपर्यंत राहतो. बरं, धुतलेली कोंबडी पावसाळ्यात वाळत नाही. घमेल्यात निखारे घालून त्याच्यापासून हातभर लांब तिला धरून बसायचं. वीज असली तर दिव्याखाली. आणि ओली राहिली तर माशी बसते. त्याच आषाढात एकदा दोन दिवस माझ्याकडून धुवायचं राहिलं होतं, मुलीला ताप होता म्हणून. तिसऱ्या दिवशी पिसं बाजूला केली तर कातडीवर तांदळाच्या कणीएवढ्या पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. चिमट्याने एकेक काढायला पाऊण तास लागला. लंगडी त्या पाऊण तासात हलली नाही. माझ्या मांडीवर डोळे अर्धे मिटून पडून होती, आणि तिच्या छातीची धडधड माझ्या पोटाला लागत होती. तिला बरं वाटत होतं म्हणून ती गप्प होती की अंगात त्राण नव्हतं म्हणून, हे मला ओळखता आलं नाही. गटारी त्यानंतर चार दिवसांनी आली.

माझं माहेर घाटावरचं, कोल्हापूरकडचं. आमच्याकडे कोंबड्या नव्हत्या, म्हशी होत्या. लग्न होऊन कुडाळजवळच्या या गावात आले तेव्हा खुराड्याचं दार उघडायची मला भीती वाटायची. फडफडत सगळ्या एकदम अंगावर येतात असं वाटायचं. सासूबाईंचा मात्र सगळा जन्म कोंबड्यांत गेलेला. कुठली तलंग अंड्यावर आलीय, कुठली खुडूक बसलीय, कुठली दुसऱ्याच्या मांगरात अंडी घालून येते, हे त्या आवाजावरून सांगतात. कोंबडी खुडूक बसली की तिच्याखाली अंडी ठेवायची ती विषम ठेवायची, नऊ किंवा अकरा, कोळशाने खूण करून. एकविसाव्या दिवशी अंड्याला कान लावून ऐकतात. आणि पाहुणे आले की त्याच हातांनी कोंबा धरून मागीलदारी जातात. देवाला, राखणदाराला कोंबा द्यायचा तर तोही त्याच निवडतात, चांगला तुऱ्याचा बघून. या दोन्ही गोष्टी करताना त्यांच्या चेहऱ्यात मला कधी फरक दिसला नाही. सुरुवातीला मला तो कोरडेपणा वाटायचा. मीही वडे-सागोती आवडीने खाते, हे इथे लिहून टाकलेलं बरं. लंगडी आल्यानंतरही खाते. फक्त ज्या दिवशी सागोती असते त्या दिवशी लंगडीला धुवायला घेताना माझे हात जरा घाई करतात.

लंगडी आमच्याच घरची. दोन वर्षांपूर्वीच्या चैत्रात अकरा अंड्यांतून नऊ पिल्लं निघाली. त्याच आठवड्यात अवकाळी पाऊस आला म्हणून मी पिल्लांना कोंबडीसकट पडवीत आणलं, लादीवर वर्तमानपत्र अंथरून. सासूबाई म्हणाल्या होत्या की खाली भुसा घाल, नाहीतर निदान गोणपाट. पण भुसा घरभर होतो, वर्तमानपत्र उचलून टाकता येतं, असा माझा विचार. दोन दिवसांच्या पिल्लाचे पाय म्हणजे काडी. गुळगुळीत कागदावर त्यांना पकड मिळत नाही, पाय दोन बाजूंना फाकतात, हे मला माहीत नव्हतं. आठ पिल्लं निभावली. नववं, पाठीवर खारीसारखे पट्टे असलेलं, आठवड्याभराने मागे पडायला लागलं. आई 'कुक्‌कुक्' करून बोलवायची तेव्हा बाकीची धावत जायची आणि हे डाव्या पायावर दोन उड्या मारून तिसऱ्या उडीला तोंडावर पडायचं. सासूबाईंनी ते उचललं, उजव्या पायाचा घोटा चाचपला आणि खाली ठेवलं. "ह्या पिल जगाचा नाय," एवढंच म्हणाल्या.

आणखी तीन-चार दिवस मी 'आपोआप बरं होईल' म्हणत काढले. मग एका ठिकाणी फोन केला तर पलीकडचा माणूस हसला. एका पिल्लासाठी फोन करताय? दुसऱ्या ठिकाणी चपलांच्या खोक्यात घालून घेऊनच गेले. तिथले डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी पिल्लू तळहातावर उताणं धरलं आणि मला बोट लावून दाखवलं. आपल्याला कोंबडीचा गुडघा उलटा वाकलेला दिसतो ना, तो गुडघा नव्हेच, तो घोटा. गुडघा वर पिसांत लपलेला असतो. कोंबडी जन्मभर चवड्यांवर चालते. त्या घोट्याच्या मागे एक खोबण असते आणि तिच्यातून दोरीसारखी शीर खाली उतरते. या पिल्लाची ती शीर खोबणीतून बाहेर सटकली होती, घोटा सुजून वाटाण्याएवढा झाला होता आणि पाय बाहेरच्या बाजूला वळला होता. खाण्यात मँगनीज कमी पडलं तर असं होतं, पाय कुठे अडकून मुरगळला तरी होतं, घसरूनही होतं. "खाली काय अंथरलं होतं?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ते काही बोलले नाहीत. पहिल्या दोन-तीन दिवसांत आणलं असतं तर अंगठ्याने शीर जागेवर सरकवून पट्टी बांधता आली असती, आता ती आखडली आहे, असं म्हणाले. वेदनेसाठी थेंब लिहून दिले. पैसे घेतले नाहीत.

परत येताना एसटीत खोकं मांडीवर होतं. झाकणाला पाडलेल्या भोकातून चोच मधूनमधून बाहेर यायची.

तेव्हापासून मी तिचं जे काही केलं त्यात माया किती आणि त्या वर्तमानपत्राची टोचणी किती, हे मला वेगळं काढता आलेलं नाही. जुन्या उशीच्या अभ्र्याला पायांपुरती दोन भोकं पाडून झोळी केली आणि दोन खुर्च्यांच्या मध्ये टांगली. रोज अर्धा तास ती त्यात उभ्यासारखी राहायची, म्हणजे छातीचं हाड सतत जमिनीला घासायचं नाही. तरी एकदा तिथे फोड आलाच. खोबरेल आणि हळद लावून तो बरा केला. मग सगळा भार ज्या पायावर, त्या डाव्या पायाच्या तळव्याच्या गादीत काळी खपली धरली. मिठाच्या कोमट पाण्यात पाय बुडवून धरायचा, दहा मिनिटं. कोंबडीचा पाय इतका वेळ हातात घेऊन मी आयुष्यात पहिल्यांदा बसले. वरून खवले, एकावर एक बसवलेले, मंगळुरी कौलांसारखे. खालून मऊ, जरा खरखरीत, आणि नेहमी आपल्या हातापेक्षा ऊन. पिवळाधमक. त्या पिवळ्या रंगाबद्दल मी नंतर वाचलं आणि मला फार बरं वाटलं. पाळीव कोंबडी मूळची आग्नेय आशियातल्या तांबड्या रानकोंबड्याची, पण कातडीतला हा पिवळा रंग त्याच्याकडून आलेला नाही. 2008 मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं की तो राखी रानकोंबड्याकडून आला, म्हणजे आपल्या सह्याद्रीतल्याकडून. आमच्या घरामागच्या डोंगरात तो आहे. पहाटे त्याची तुटक, शेवट अर्धवट गिळल्यासारखी बांग येते आणि खुराड्यातला कोंबा तिला उत्तर देतो. लंगडीही तेव्हा पेटीत मान वर करते.

नावाबद्दल सांगायचं राहिलं. तिला लंगडी म्हणणं मला पहिल्यांदा आवडलं नव्हतं. शाळेत कुणी कुणाला लंगडा म्हटलं तर मी त्याला उभं करते. नोंदवहीत आम्ही दिव्यांग लिहितो. पण नाव माझ्या मुलीने ठेवलं. पिल्लू खळ्यात एका पायावर उड्या मारत कोंबडीच्या मागे निघालं होतं आणि ही पायरीवरून ओरडली, "आई, बघ, लंगडी घालतेय!" तिच्या डोक्यात खेळ होता. लंगडीच्या खेळात एका पायावर असतो तो दुबळा गडी नसतो. त्याच्या अंगावर येण्याला घाबरून दोन्ही पायांवरची पोरं पळत असतात. मग मी नाव बदलायचा आग्रह सोडला. सासूबाईंनी मात्र बरेच महिने नाव घेतलं नाही. "खावच्या जिवाक नाव घालू नये," असं त्यांचं म्हणणं.

बाकीच्या कोंबड्यांनी तिला सुखाने राहू दिलं नाही. कोंबड्यांत कोण कुणाला टोचणार याची उतरंड ठरलेली असते. नॉर्वेतल्या शेल्डेरूप-एबे नावाच्या माणसाने लहानपणापासून कोंबड्या बघत बसून ही उतरंड ओळखली आणि 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला ती लिहून काढली. आमच्या सासूबाईंना ती पाठ आहे. लंगडी तिच्या अगदी तळाशी. तिच्या डोक्यावरची पिसं तिच्या सख्ख्या बहिणींनी उपटली, तुऱ्यातून रक्त काढलं. एके दिवशी तर तिला जन्म देणाऱ्या कोंबडीनेही टोचलं आणि त्या दिवशी मी तिला कायमची पडवीत आणली. तिथे हापूसच्या रिकाम्या पेटीत पेंढा घालून तिचं बस्तान मांडलं. कोंबडी दांडीवर बसून झोपली की पाय दुमडतो, शीर ताणली जाते आणि बोटं आपोआप दांडीला आवळून बसतात, म्हणून ती झोपेत पडत नाही. लंगडीच्या एका पायाची बोटं आवळतात, दुसऱ्याची नाहीत. तीन-चारदा तिने पेटीच्या कडेवर चढून झोपायचा हट्ट केला. तिन्हीसांजेला 'धप्' असा आवाज आला की मी भात ढवळता ढवळता उठायचे.

पण तिला सगळ्यात जास्त कशाची उणीव भासते हे मला कळलं नाही. ते सासूबाईंनी ओळखलं.

मी तिच्यापुढे सगळं ठेवत होते. कणी, कोंड्याचा गोळा, किसलेलं ओलं खोबरं, मुलीने मांगराच्या भिंतीवरून काढून आणलेली वाळवी. अंड्यावर आल्यावर तिसऱ्यांच्या शिंपल्यांचा चुरा. ती खायची, पण खाऊन झालं तरी ताटलीशी बसून राहायची आणि मधूनच एक चमत्कारिक हालचाल करायची. अंगाचा सगळा भार वाकड्या पायावर टाकून धडका पाय उचलायला बघायची, तोल जाऊन आडवी व्हायची, पंखाने सावरून पुन्हा बसायची, पुन्हा तेच. मला वाटलं, फेफरं येतं की काय. सासूबाई पडवीच्या खांबाला टेकून सुपारी कातरत होत्या. त्या म्हणाल्या, "तिका उकरूक येना नाय." मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कोंबडी एका पायावर उभी राहते आणि दुसऱ्याने उकरते. दोन पाय तिला त्यासाठी लागतात. पोट भरलेलं असलं तरी कोंबडी उकरते, समोर दाण्यांचं ताट असलं तरी बाजूला जाऊन उकरते. उकरायचं, एक पाऊल मागे सरायचं, मान तिरकी करून बघायचं, खालून काय निघतंय ते. माझी लंगडी गेले कित्येक महिने पोटभर जेवत होती आणि तिला बघायला खालून काही निघत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर पेटी रिकामी. काळजात धस्स झालं. मागीलदारी गेले. केळीच्या बुंध्याशी सासूबाई फतकल मारून बसल्या होत्या, साडीचा पदर कमरेला खोचलेला, हातात खुरपं. समोर वितीवर लंगडी. त्या खुरप्याने माती खालून वर करत होत्या, हात मागे घेत होत्या आणि थांबत होत्या. पुन्हा दोनदा खरवडून हात मागे. मी आधी नुसती बघत राहिले, मग लक्षात आलं की ही खणायची लय नव्हे, कोंबडीच्या पायाची लय आहे. दोन ओरखडे आणि एक थांबणं. साठ वर्षं कोंबड्या बघितलेल्या बाईच्या मनगटात ती आपसूक आली होती. लंगडी मान तिरकी करून, एक डोळा मातीत रोवून बघत होती. ओल्या मातीचा काळसर वास, केळीच्या सोपटाचा तुरट वास, एक लांबलचक गांडूळ अर्धं बाहेर. लंगडीने ते टिपलं आणि घशातून असा आवाज काढला जो मी तिच्याकडून तोवर ऐकला नव्हता, बारीक, लागोपाठ, गुळण्या केल्यासारखा. सासूबाईंनी माझ्याकडे वळून पाहिलं नाही. मीही काही बोलले नाही, चहा ठेवायला आत गेले.

तेव्हापासून पाऊस असो नसो, चहानंतर त्यांचं ते काम ठरून गेलं. उन्हाळ्यात त्या तिथेच चुलीतली राख पसरतात आणि लंगडी कुशीवर पडून, एक पंख आणि एक पाय झाडत राख अंगावर घेते. याबद्दल आमच्यात कधी बोलणं झालं नाही. त्यांनी तिला मांडीवर घेतलेलं, कुरवाळलेलं मी पाहिलेलं नाही. त्यांच्या उजव्या मनगटात फार वर्षांपासून कळ आहे, भात लावणीच्या दिवसांत ती दंडापर्यंत चढते, तरी खुरपं उजव्याच हातात. मधे एकदा शेजारीण म्हणाली की एवढी मेहनत कशाला घ्यायची, कोंबडी ती कोंबडी, तेव्हा सासूबाई तिलाच दोन बोटं दाखवून म्हणाल्या, तुमच्याकडे राख असली तर दोन सुपं पाठवून द्या.

म्हणूनच ते गटारीचं मला जास्त लागलं. तो माणूस विचारत होता तेव्हा सासूबाई ओट्यावरच होत्या, नोटा कमरेच्या पिशवीत घालत. त्यांनी माझं गप्प राहणं ऐकलं असणार. तीनशेचे साडेतीनशे झालेले ऐकले असणार. कोंब्याचा भाव ठरवताना माणूस कसा गप्प राहतो, हे त्यांच्याइतकं कुणाला कळतं? त्या क्षणी माझ्या मनात काय होतं, हे मी नंतर पुष्कळदा उलटसुलट करून पाहिलं. पैसे नको होते. साडेतीनशे रुपयांनी माझं काही अडलं नव्हतं. कदाचित एवढंच होतं की उद्या सकाळी पंचा भिजवावा लागणार नाही, अळ्या बघाव्या लागणार नाहीत, आणि तिचं काय झालं असं कुणी विचारलं तर 'विकली' असं एका शब्दात सांगता येईल. कोंबडी विकणं ही आमच्या गावात सांगता येण्यासारखी गोष्ट आहे. कोंबडीचं करून करून दमले, ही नाही. हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही.

यंदाची गटारी आली तेव्हा मी शाळेत होते. घरी आले तर खळ्यात मोटारसायकलच्या चाकाचा ओला माग होता आणि खुराड्यात तीन कोंबे कमी. पडवीत पेटी होती, पेटीत लंगडी होती. गेल्या वर्षभरात तिची पिसं गळून नवी आलीत, पिल्लूपणीचे पाठीवरचे खारीचे पट्टे तर केव्हाच गेले, आता सगळी तांबूस झालीय, मानेवर जरा सोनेरी. मी दप्तर ठेवलं, हातपाय धुतले आणि न राहवून विचारलंच, "त्याने लंगडीचं काही विचारलं का?"

"इचारल्यान," सासूबाई म्हणाल्या.

"मग?"

त्या उठल्या. पेटीतून लंगडीला दोन्ही पंखांवरून धरून उचललं, काखेत घातलं, आणि मागीलदाराच्या कोनाड्यातलं खुरपं काढून माझ्यापुढे धरलं. "आज तू खण," म्हणाल्या. "माझो हात दुखता."

केळीखाली माती पावसाने दबून गेली होती. मी खुरपं घातलं ते फार खोल गेलं, मोठं ढेकूळ निघालं आणि लंगडी दचकून मागे सरकली. "सावकाश," मागून आवाज आला. मी पुन्हा घातलं, वरवर. दोन ओरखडे. थांबले. लंगडीने मान तिरकी केली.